थंडी पडण्यापूर्वी: घरातील उष्णकटिबंधीय झाडांची कलमे आणि हिवाळ्यातील निगा

उष्णकटिबंधातील झाडाला थंडी बाधली आहे, हे ज्या रात्री थंडी पडते त्या रात्री कळत नाही. काही वर्षांपूर्वी अग्लोनिमाची एक भरदार कुंडी माझ्या विसराळूपणामुळे एक रात्र उघड्यावर राहिली आणि नेमका त्याच रात्री पारा ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. सकाळी पाने जशीच्या तशी होती, त्यामुळे मी निर्धास्त झाले. चौथ्या दिवशी पानांवर तेल सांडलेल्या कागदासारखे काळपट, ओलसर डाग उमटले आणि आठवडा संपेपर्यंत अर्धी पाने देठासकट मऊ पडून कुंडीच्या काठावर लोंबू लागली. दंव पडलेच नव्हते.

या झाडांचे नुकसान होण्यासाठी पानांतील पाणी गोठावे लागत नाही. पेशींभोवतीच्या पटलांमधील मेद उबेत लवचीक असतात. तापमान साधारण १० ते १२ अंशांच्या खाली गेले की ते घट्ट होऊ लागतात, पटल सच्छिद्र होते आणि आतले पाणी व क्षार बाहेर झिरपतात. झाड पुन्हा उबेत आले की हा बिघाड हळूहळू डागांच्या रूपाने दिसू लागतो. मनीप्लांट मूळचे प्रशांत महासागरातील मोओरिया बेटावरचे, मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातील दमट जंगलांतले आणि झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतला. यांपैकी कोणालाही गारठ्याशी जुळवून घेण्याची गरज पडलेली नाही. म्हणून हिवाळ्याची तयारी थंडी जाणवू लागल्यावर नव्हे, तर त्याआधी सहा ते आठ आठवडे सुरू करावी, आणि त्या तयारीत पहिले काम कुंड्या आत आणण्याचे नसून कलमे करण्याचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यामागे तीन कारणे आहेत. झाड अजून वाढीत असते, त्यामुळे छाटलेल्या फांदीला मुळे लवकर फुटतात. छाटणीमुळे मूळ झाड आटोपशीर होते आणि खिडकीजवळच्या मर्यादित जागेत मावते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: मोठे झाड हिवाळ्यात दगावलेच, तर त्याच जातीची चार-पाच लहान रोपे हाताशी असतात, आणि लहान रोपांना पुरेसा उजेड व ऊब देणे मोठ्या झाडापेक्षा पुष्कळ सोपे असते.

छाट घेताना

मनीप्लांटची एक वेल हातात घेऊन पान जिथे खोडाला मिळते ती जागा जवळून पाहावी. तिथे खोड किंचित फुगलेले असते, त्याभोवती जुन्या आवरणाची एक बारीक कडी दिसते आणि खालच्या बाजूला तपकिरी रंगाचा, तांदळाच्या कणीएवढा किंवा त्याहून थोडा लांब उंचवटा असतो. फुगलेला भाग म्हणजे पेर आणि तो तपकिरी उंचवटा म्हणजे हवाई मुळाची सुरुवात. पेरापाशीच पानाच्या बगलेत एक सुप्त डोळा दडलेला असतो आणि नवा कोंब त्यातूनच येतो. दोन पेरांमधल्या कांड्यात डोळा नसतो, म्हणून नुसत्या कांड्याचा किंवा नुसत्या देठासहित पानाचा उपयोग नाही. मनीप्लांटचे एकटे पान पाण्यात कित्येक महिने हिरवे राहते, कधी कधी त्याला मुळेही फुटतात. मात्र त्यातून वेल कधीच निघत नाही. पानाला मुळे फुटली म्हणून कौतुकाने कुंडीत लावणाऱ्यांची निराशा होते ती याच कारणाने.

पेराच्या खाली साधारण १ ते २ सेंटीमीटर अंतर ठेवून धारदार पात्याने एकाच झटक्यात काप घ्यावा. कात्री बोथट असेल तर खोड कापले न जाता चेपले जाते आणि चेपलेल्या पेशींपासूनच सड सुरू होते. पाते आधी ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावे आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसावे. प्रत्येक छाटीवर दोन पेरे आणि एक किंवा दोन पाने असावीत. पाने जास्त ठेवली तर मुळे नसलेल्या फांदीला त्यांची तहान भागवता येत नाही, आणि एकही पान ठेवले नाही तर अन्न तयार करणारे कोणी उरत नाही. फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम आणि मॉन्स्टेरा यांनाही हीच रीत लागू पडते. मॉन्स्टेराच्या छाटीला लांब हवाई मूळ असेल तर ते तसेच ठेवावे, कारण त्यातून बाजूची मुळे लवकर सुटतात.

मनीप्लांटच्या कुळातील बहुतेक झाडांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. डिफेनबाखियाचा रस तर ओठाला लागला तरी जळजळ आणि सूज येते. हातमोजे घालूनच काम करावे, डोळे चोळू नयेत आणि छाटलेले तुकडे लहान मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या वाटेत पडू देऊ नयेत. रबर प्लांट आणि त्याच्या फायकस वंशातील इतर झाडांमधून पांढरा चीक येतो. तो थांबेपर्यंत कापलेले टोक कोमट पाण्यात धरावे आणि मगच छाट लावावी. डिफेनबाखिया किंवा मॉन्स्टेरासारख्या जाड, रसदार खोडाचा काप लावण्यापूर्वी काही तास सावलीत सुकू द्यावा.

मुळे पाण्यात आणावीत की मिश्रणात, हा वाद जुना आहे. मनीप्लांट, कोलियस, ट्रॅडेस्कँशिया, सिंगोनियम ही झाडे दोन्हीकडे तितक्याच आनंदाने मुळे धरतात, आणि पाण्यात मुळे वाढताना पाहण्याचा आनंद निराळाच असतो हे मान्य करावे लागेल. मात्र थंडीच्या तोंडावर पाण्याची एक अडचण असते. खोलीत हवा २१ अंश असली तरी काचेला टेकलेल्या बरणीतले पाणी पहाटे त्यापेक्षा बरेच थंड झालेले असू शकते, आणि मुळे फुटणे हे खोलीच्या नव्हे तर कापाभोवतीच्या तापमानावर ठरते. बहुतेक उष्णकटिबंधीय झाडांना त्या जागी २१ ते २५ अंश लागतात. म्हणून बरणीत साधा तापमापक बुडवून एकदा सकाळी आणि एकदा रात्री पाहून घ्यावे. अनेक महिने हटून बसलेल्या छाटीचे कारण बहुधा तिथेच सापडते. पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे, बदलण्याचे पाणी खोलीत ठेवून कोमट झालेले असावे, आणि पाने पाण्यात बुडू देऊ नयेत. मुळे ३ ते ५ सेंटीमीटर झाली की लगेच कुंडीत हलवावे. पाण्यात वाढलेली मुळे मातीत तशीच काम करीत नाहीत. झाडाला नवी मुळे धरावी लागतात, आणि जितका उशीर तितका तो बदल जड जातो. हलवल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे मिश्रण नेहमीपेक्षा थोडे अधिक ओलसर ठेवावे.

मिश्रणासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) समप्रमाणात घेणे पुरेसे आहे. खत घालू नये. भिजवलेले मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. छाट लावून झाल्यावर त्यावर पारदर्शक पिशवी किंवा झाकण घालावे, म्हणजे आतली हवा दमट राहते आणि मुळे नसलेली पाने मलूल होत नाहीत. नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड या लंडनमधील डॉक्टरांना १८२९ मध्ये बंद बाटलीतल्या मातीत एक नेचा आपोआप उगवून तग धरून राहिलेला दिसला, आणि १८३३ मध्ये त्यांनी काचेच्या बंद पेट्यांतून झाडे जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोहोचवली. पिशवीखालची छाट त्याच तत्त्वावर जगते. फरक इतकाच की आपल्या छाटीला ताजी जखम असते, म्हणून बुरशी टाळण्यासाठी झाकण रोज दहा-पंधरा मिनिटे उघडावे आणि झाकलेली कुंडी थेट उन्हात कधीही ठेवू नये. बंद पिशवीत ऊन शिरले तर पाने अक्षरशः शिजतात.

घर थंड असेल तर कुंडीखाली ठेवण्याची विजेवर चालणारी उष्णतेची चटई हा सर्वांत उपयोगी खर्च ठरतो. ती तापमान नियंत्रकासह घ्यावी आणि मिश्रणातले तापमान २२ ते २४ अंशांवर ठेवावे. खालून ऊब मिळणाऱ्या मिश्रणातले पाणी लवकर आटते, हे लक्षात ठेवून ओल रोज तपासावी. मुळे फुटवणाऱ्या संजीवकाची, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्लाची पूड रबर प्लांट, क्रोटन अशा काष्ठमय छाटींना निश्चित मदत करते. मनीप्लांटच्या कुळाला तिची गरज नसते. पूड वापरताना थोडी वेगळ्या कागदावर काढून घ्यावी आणि उरलेली परत डबीत टाकू नये.

उबेत कोलियसला आठ-दहा दिवसांत, मनीप्लांटला दोन ते चार आठवड्यांत, मॉन्स्टेराला तीन ते सहा आठवड्यांत आणि रबर प्लांटला एक ते दोन महिन्यांत मुळे येतात. ती आली की नाहीत हे पाहण्यासाठी छाट उपटून बघण्याचा मोह आवरावा, कारण पहिली मुळे इतकी नाजूक असतात की त्या एका उत्सुकतेपायी तुटून जातात. पारदर्शक पेल्यात छाट लावली तर हा प्रश्न उरत नाही; मुळे कडेने आपोआप दिसतात.

काही झाडांची तऱ्हा वेगळी आहे. स्नेक प्लांटच्या पानाचे ७ ते १० सेंटीमीटरचे तुकडे करून लावता येतात, पण तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. उलटा लावलेला तुकडा मुळे धरत नाही. सर्व तुकडे दिसायला सारखेच असल्याने कापतानाच प्रत्येकाच्या खालच्या टोकाला उलट्या व्ही आकाराची खाच करून घ्यावी. त्यामुळे ओळख पटते आणि मुळे येण्यासाठी कापलेली कडही वाढते. हे तुकडे लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस सुकवावेत. कडेला पिवळा पट्टा असलेल्या जातीच्या पानापासून मात्र पट्टा नसलेली हिरवी रोपे येतात, कारण तो पट्टा पानाच्या ठरावीक थरांतच असतो आणि नवा कोंब त्या थरांची रचना पुढे नेत नाही. पट्टा हवा असेल तर जमिनीखालचा गड्डा कोंबासह वेगळा करणे हाच मार्ग आहे.

झेडझेड प्लांटची एक पर्णिका, म्हणजे दांड्यावरच्या लहान पानांपैकी एक, मिश्रणात अर्धी रोवली तरी तिच्या तळाशी बटाट्यासारखा छोटा गड्डा तयार होतो, पण त्याला कित्येक महिने लागतात आणि नवा कोंब त्यानंतर येतो. आफ्रिकन व्हायोलेटचे पान २ ते ३ सेंटीमीटर देठ ठेवून तिरके लावावे. मुळे महिनाभरात येतात आणि तळाशी पिल्ले दिसायला आणखी दोन महिने जातात. स्पायडर प्लांटबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही: लोंबणारी पिल्ले तोडून मातीत टेकवावीत, ती लागतात. रबर प्लांटची गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे आणणे, करायची असेल तर अजून दोन महिने ऊब शिल्लक आहे याची खात्री करावी, नाहीतर ते काम पुढच्या हंगामावर टाकावे.

कॅलाथिया आणि मरांटा यांच्यात फरक करणे गरजेचे आहे. मरांटाच्या खोडाला पेरे असतात आणि त्याची छाट लागते. बहुतेक कॅलाथियांची पाने थेट गड्ड्यातून येतात, त्यामुळे त्यांची छाट कधीच लागत नाही. त्यांचे विभाजन करावे लागते, आणि थंडीच्या तोंडावर विभाजन केलेला कॅलाथिया हिवाळाभर कुढत राहतो. त्याला या दिवसांत हात न लावणे हेच उत्तम.

आत आणताना

रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास येऊ लागले की उघड्यावरची झाडे आत घ्यावीत. अग्लोनिमा, अँथुरियम, कॅलाथिया, अलोकेशिया आणि कॅलाडियम यांना सर्वांआधी आणावे. मॉन्स्टेरा, मनीप्लांट आणि फिलोडेंड्रॉन त्यानंतर. स्नेक प्लांट, रबर प्लांट आणि स्पायडर प्लांट थोडे दिवस १० अंशांपर्यंत तग धरतात, विशेषतः माती कोरडी असेल तर. हवामानाच्या अंदाजातील आकड्यावर मात्र पूर्ण विसंबू नये. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचे पान आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड होते.

आत आणणे म्हणजे कुंडीबरोबर तिचे भाडेकरूही आणणे. उघड्यावर पाऊस, वारा आणि इतर कीटक किडींना आटोक्यात ठेवतात. घरात हे कोणीच नसते. प्रत्येक पान उलटे करून देठाच्या बगलेपर्यंत पाहावे. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण, खोडाला चिकटलेला आणि नखाने खरवडल्यावर निघणारा तपकिरी टिपका म्हणजे खवले कीड. लाल कोळी इतका बारीक असतो की तो दिसण्याऐवजी त्याचे काम आधी दिसते: पानाचा रंग बारीक ठिपक्याठिपक्यांनी उडालेला असतो. संशय आल्यास पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेली धूळ अर्ध्या मिनिटात चालू लागली तर ती धूळ नव्हे.

किडी असोत वा नसोत, पाने दोन्ही बाजूंनी कोमट पाण्याच्या धारेखाली धुवावीत. कीड सापडल्यास पिठ्या ढेकूण अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावा, आणि इतर किडींसाठी कीटकनाशक साबणाचे किंवा निंबोळी तेलाचे द्रावण पानांच्या खालच्या बाजूसह फवारावे. ही फवारणी आठवड्याच्या अंतराने किमान तीन वेळा करावी लागते, कारण ती अंड्यांवर फारशी चालत नाही आणि पहिल्या फवारणीतून वाचलेल्या अंड्यांमधून नवी पिढी बाहेर येतच असते. एकदाच फवारून समाधान मानणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मुंग्या किंवा गांडुळे कुंडीत शिरल्याचा संशय असेल तर कुंडी मातीच्या पातळीपर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावी आणि नंतर पूर्ण निथळू द्यावी. आत आणलेली झाडे दोन-तीन आठवडे घरातल्या जुन्या झाडांपासून वेगळी ठेवावीत, आणि कलमे तर त्यांच्या जवळपासही नेऊ नयेत.

उजेडातला बदल टप्प्याटप्प्याने करावा. डोळ्याला खोली उजळ वाटते, पण बाहेरच्या सावलीच्या तुलनेत खोलीच्या मध्यभागी पोहोचणारा उजेड कित्येक पटींनी कमी असतो. आठ-दहा दिवस झाड दिवसा सावलीत आणि रात्री आत असे ठेवता आले तर पाने कमी गळतात. फायकस बेंजामिना मात्र कितीही जपले तरी जागा बदलल्याचा निषेध पाने गाळून नोंदवतो. त्याला जागच्या जागी राहू द्यावे. गळणारी पाने पाहून जास्त पाणी घालण्याची इच्छा होते, आणि झाड खरोखर मरते ते त्या पाण्याने.

हिवाळ्यातील पाणी आणि उजेड

हिवाळ्यात घरातली झाडे थंडीने जितकी मरतात त्याहून अधिक पाण्याने मरतात. दिवस लहान झाला आणि सूर्य खाली उतरला की झाडाची अन्न तयार करण्याची गती मंदावते, पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन घटते आणि मुळे मातीतून पाणी ओढणे कमी करतात. आपला हात मात्र उन्हाळ्याच्या सवयीने चालत राहतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे रोगकारक जीव हल्ला करतात आणि मूळकूज सुरू होते. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पाने मलूल होतात, आणि मलूल पाने पाहून आपण आणखी पाणी घालतो. पाने मलूल आणि माती ओली, हे दोन्ही एकाच वेळी दिसले तर झारी खाली ठेवावी.

पाण्यासाठी वार ठरवू नये. बोट मातीत ४ ते ५ सेंटीमीटर खुपसून पाहावे. मोठ्या कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत घालून ती ओली निघते का ते पाहावे. मला स्वतःला कुंडी उचलून वजनाने ओळखणे सर्वांत भरवशाचे वाटते: पाणी घालून निथळलेली कुंडी एकदा उचलून ठेवावी, कोरडी झाल्यावर पुन्हा उचलावी, आणि हाताला तो फरक आठवडाभरात कळू लागतो. खोली तापवली जात असेल तर फसगत होण्याची शक्यता अधिक असते, कारण वरचा थर कोरड्या हवेने भराभर सुकतो आणि तळ ओलाच राहतो. पाणी द्यायचे तेव्हा तळातून निघेपर्यंत द्यावे, बशीत साचलेले अर्ध्या तासात ओतून टाकावे, आणि ते पाणी खोलीच्या तापमानाचे असावे. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर गार पाणी पडले तर फिकट वलयांचे डाग पडतात आणि ते पान असेपर्यंत जात नाहीत. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांच्या जाड गड्ड्यांत पाण्याचा साठा असतो. त्यांची माती पूर्ण कोरडी झाल्यावरही आणखी काही दिवस थांबावे.

मूळकूज झालीच असेल तर झाड कुंडीतून काढून माती झटकावी. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट आणि कडक असते. कुजलेले मूळ तपकिरी असते आणि दोन बोटांत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून येऊन मधला दोरा हातात राहतो. असे प्रत्येक मूळ कापून टाकावे, झाड उरलेल्या मुळांना पुरेल इतक्या लहान कुंडीत ताज्या मिश्रणात लावावे आणि वरच्या निरोगी भागाची छाट लगेच घेऊन ठेवावी. हिवाळ्यात कुंडी बदलण्याचे हे एकच कारण मला मान्य आहे. एरवी मोठ्या कुंडीत हलवलेल्या झाडाभोवती जादा ओली माती राहते, आणि मंदावलेल्या मुळांना ती संपवता येत नाही.

झाडे खिडकीजवळ सरकवावीत. एक मीटरने जवळ आल्यानेही मोठा फरक पडतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची खिडकी हिवाळ्यात सर्वाधिक ऊन देते, आणि त्या दिवसांतले तिरपे ऊन बहुतेक झाडांना सोसते. काच आतून-बाहेरून पुसावी, पानांवरची धूळ ओल्या मऊ कापडाने टिपावी. मात्र पान काचेला टेकू देऊ नये, आणि रात्री पडदा ओढताना झाड पडदा आणि काच यांच्या मध्ये अडकत नाही ना हे पाहावे. त्या फटीत बाहेरची थंडी साठते आणि खोलीची ऊब तिथपर्यंत पोहोचत नाही. थंड फरशीवरची कुंडी लाकडी फळीवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर उचलून ठेवावी. हीटरच्या गरम झोतात आणि सतत उघडणाऱ्या दारासमोर एकही कुंडी नसावी. खिडकी अपुरी असेल तर पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा झाडापासून २० ते ३० सेंटीमीटर उंचीवर लावून टायमरने रोज १२ ते १४ तास चालू ठेवावा. कलमांना तर या दिव्याचा मोठ्या झाडांपेक्षाही अधिक फायदा होतो.

कोरड्या हवेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत सुमारे १७.३ ग्रॅम. बाहेरची बाष्पाने पूर्ण भरलेली थंड हवा घरात येऊन नुसती तापली तरी तिची सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि कॅलाथिया, फिटोनिया किंवा नेच्यांना ५० टक्क्यांहून अधिक आर्द्रता हवी असते. पानांवर पाणी फवारल्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत निघून जाते. ते काम झाडापेक्षा फवारणाऱ्याच्या समाधानाचे आहे. खडे आणि पाणी घातलेल्या ट्रेचाही उपयोग बेताचाच. झाडे एकत्र दाटीने ठेवणे, नाजूक झाडांना झाकणाच्या काचपेटीत ठेवणे किंवा आर्द्रता वाढवणारे यंत्र लावणे हे खरे उपाय आहेत. लाल कोळीलाही उबदार, कोरडी हवा मानवते, त्यामुळे हीटरजवळच्या झाडांची पाने दर आठवड्याला उलटून पाहावीत.

खत नवी वाढ दिसेपर्यंत बंद ठेवावे. दिव्याखाली सतत वाढणारी झाडे हा अपवाद. त्यांना महिन्यातून एकदा निम्म्या तीव्रतेचे द्रवखत चालते. मातीतून उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या दिसू लागल्या तर त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात असतात: तो थर पूर्ण सुकू द्यावा आणि पिवळे चिकट सापळे मातीलगत लावावेत.

कॅलाडियमची पाने पिवळी पडून लोळू लागली तर ते झाड आजारी नसून झोपी जात असते. पाणी हळूहळू बंद करून पाने पूर्ण वाळू द्यावीत, कंद काढून माती झटकावी आणि कोरड्या कोकोपीटमध्ये १५ अंशांहून अधिक तापमानात ठेवावेत. अलोकेशियाही कधी कधी सगळी पाने टाकतो; त्याचा कंद दाबून पाहावा, घट्ट असेल तर कुंडी उबदार जागी ठेवून माती अगदी किंचित ओलसर राखावी.

ऐन थंडीत एखादी छाट पाने गाळून नुसती काडी होऊन उभी राहते, आणि ती टाकावी की ठेवावी असा प्रश्न पडतो. अशा वेळी नखाने सालीचा अगदी लहानसा भाग खरवडून पाहावा. आत तपकिरी आणि कोरडे असेल तर दोन सेंटीमीटर खाली पुन्हा खरवडावे, कारण काड्या बहुधा वरून वाळत येतात. कुठेही ओलसर हिरवा थर लागला तर त्याच्या वरचा मेलेला भाग कापून टाकावा, पिशवी पुन्हा चढवावी, खालची ऊब २२ ते २४ अंशांवर आहे का ते तपासावे आणि पेले आहे त्या जागी राहू द्यावेत.